अनुराधपूरला कसं जायचं

४ जानेवारी

मोनालीने आज जेवताना सांगितलं की फेब्रुवारीत आपण तिघं श्रीलंकेला जायचं, सगळं ती करणार. कमलाच्या हातातला घास हातातच राहिला. संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी समुद्रापार कशी नेली, ही गोष्ट ती विहारातल्या पोट्ट्यांना किती वर्षं सांगते आहे. ते झाड अनुराधपूरला अजून उभं आहे आणि ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढी एकच इच्छा तिने स्वतःसाठी धरलेली मला माहीत आहे. मला पोरीचा अभिमान वाटला. तो वरण संपेपर्यंत टिकला.

मग ती म्हणाली, "एक छोटी कार देख ली है मैंने. एअरपोर्ट से ही ले लेंगे. वहाँ भी अपने जैसा बाएँ चलते हैं, मैं चला लूँगी."

भाड्याची गाडी! रेल्वेच्या पार्सल ऑफिसात ज्याने उभं आयुष्य काढलं, युनियनच्या व्यासपीठावर ज्याने सार्वजनिक वाहतुकीसाठी घसा फोडला, नव्या राजधानीच्या रुंद रस्त्यावर संध्याकाळी कामवाल्या बायांना बस मिळावी म्हणून जो दोन वर्षांपासून रायपुरात तेलीबांधा तलावापाशी सभा घेतो आहे, त्याने परदेशात जाऊन भाड्याच्या गाडीत काचा वर करून बसायचं? त्या देशात खेड्यापाड्यात लाल सरकारी बस जाते. रेल्वे आहे, जुनी आणि सुंदर. मी त्यावर वाचलं आहे. काचेआडून देश दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ये आंदोलन नहीं है, छुट्टी है."

मी म्हणालो, "विचाराला सुट्टी नसते."

मी बोलतो मराठीत, ती उत्तर देते हिंदीत. रोज ऑफिसला नव्या रायपूरला स्वतःच्या गाडीने जाते, तेही एकटी. माझ्याच घरातून! रविवारी रीतसर सभा घेऊन निर्णय करायचं मी जाहीर केलं.

१० जानेवारी, रविवार

सभा झाली. अध्यक्ष हिरालाल. आमच्या प्रवासी समितीचे ते चिटणीस, इथलेच छत्तीसगढी, म्हणून तटस्थ. मी ठराव मांडला: "हे कुटुंब श्रीलंकेत फक्त बस आणि रेल्वेने फिरेल." मग त्याच्या बाजूने बोललो. चांगलं बोललो. हिरालाल दोनदा डोळे पुसत होते.

मोनाली एवढंच म्हणाली, "पहले आई से पूछो."

"मतदान म्हणजे विचारणंच असतं," मी म्हणालो.

कमलाला मी कायम पहिल्या रांगेत बसवत आलो आहे. युनियनच्या काळापासूनची आमची ती रीत. ठराव वाचून झाला की बायांमध्ये तिचा हात आधी वर जातो, मग बाकीच्यांचे. तिला कधी खुणवावं लागलं नाही. आजही माझं शेवटचं वाक्य पुरतं संपलं नव्हतं तोच तिचा हात वर होता.

"आई!" मोनाली ओरडलीच.

कमला स्वतःच्या हाताकडे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. माझ्या मते ती भारावली होती. मोनाली उठून खोलीत गेली, म्हणजे तिने विरोधात मत दिलं नाही. ठराव एकमताने मंजूर.

"हव, पास होगे भैया," हिरालाल म्हणाले. "अब चाय."

१७ जानेवारी

आठवडाभर श्रीलंकेच्या गाड्यांच्या वेळा काढत बसलो. कोलंबो ते अनुराधपूर रेल्वे. तिथून कँडी बसने. कँडीहून परत कोलंबो, पुन्हा रेल्वे. आखणी अशी झाली आहे की कोणीही पाहून शिकावं.

आनंदाची गोष्ट ही की कमलाने यात पहिल्यांदाच मनापासून रस घेतला. दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. "अनुराधपूरले पोचायले किती वेळ लागते?" तिने विचारलं. मी सांगितलं. "गाडीत गर्दी असते का?" पौर्णिमेच्या दिवसांत असते, लोक पांढरे कपडे घालून निघतात, मी म्हणालो. ते दृश्यच केवढं! मग म्हणाली, "अन् थे कँडीची बस मधात थांबते का? थांबली तं कुठं थांबते?"

इतका बारीक प्रश्न आमच्या समितीतही कोणी विचारत नाही. मी तिला थांब्यांचं महत्त्व समजावून सांगितलं. लांब पल्ल्याच्या बसने जितके कमी थांबे घ्यावेत तितकी ती लोकांच्या उपयोगी पडते, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठून कपडे वाळत घालायला गेली.

२२ जानेवारी

संताप आवरत नाही म्हणून लिहितो आहे.

मोनाली व्हिसाचे अर्ज भरत होती. माझा भरला, तिचा भरला. कमला म्हणाली, "माहा नको भरू. तुम्ही बापलेक जाऊन या. मले झाडाचा फोटो काढून आणा."

मी विचारलं, गुडघे? नाही. मोनालीशी भांडण? नाही. मग काय?

"घर कोण पाहीन?"

घर! तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली चौकीदार, आत आमच्या पुस्तकांखेरीज चोरण्यासारखं काही नाही. म्हणे घर कोण पाहील. जी बाई इतकी वर्षं त्या झाडाची वाट पाहते आहे, तिला फोटो पुरणार आहे का? ठरावाच्या बाजूने हात वर करायचा आणि अंमलबजावणीच्या दिवशी घरी बसायचं, याला आमच्या युनियनमध्ये काय म्हणायचे ते मी बायकोबद्दल इथे लिहीत नाही.

मोनाली स्वयंपाकघरात रडत होती. मी गेलो तर म्हणाली, "आपको सच में नहीं दिखता क्या, बाबा?"

"काय दिसत नाही?"

"मैं नहीं बोलूँगी. आई ने कसम दी है."

मला सगळं दिसतं. मायलेकींनी मिळून हा संप पुकारला आहे. गाडी मिळाल्याशिवाय आई येणार नाही, असा पोरीने डाव टाकला. आणि माझी पंचाईत अशी की मी जन्मभर संप केले, संप मोडायचा कसा ते मला कोणी शिकवलं नाही.

मी कमलाला सांगितलं, तू नाही तर मीही नाही. ती म्हणाली, "बरं." वाद नाही, विनवणी नाही. व्हिसाच्या फॉर्मवर उकळत्या कुकरची वाफ बसत होती, तो तिने पुसून मोनालीच्या हातात दिला.

२७ जानेवारी

तेलीबांध्याची सभा. तलावाच्या बाजूला माणसं चांगली जमली होती. नव्या वसाहतींत भांडीधुणी करणाऱ्या बाया, ऑफिसातले शिपाई, आमचे निवृत्त रेल्वेवाले. बाया पुढे बसल्या होत्या आणि त्यांच्यात कमला.

मी रंगात आलो होतो. म्हणालो, गाडीवाल्यांना वाटतं की बसमधला माणूस नाइलाजाने बसमध्ये आहे. नाही! तो कणखर म्हणून बसमध्ये आहे. उदाहरण द्यायला लांब कशाला जाऊ? ही माझी पत्नी कमलाबाई इथे समोर बसली आहे. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रायपूरहून नागपूरला जनरल डब्यात जाते. पाच-सहा तासांचा प्रवास, पाय ठेवायला जागा नाही. या बाईने आजवर त्या गाडीत घोटभर पाणी मागितलेलं नाही! दीक्षाभूमीवरच्या गर्दीतही नाही!

टाळ्या पडल्या. पण पुरुषांच्या. बायांच्या बाजूने मंदाकिनीबाई उठल्या. त्या पूर्वी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता आमच्या विहारात येतात. माइक नसताना त्यांचा आवाज तलावापर्यंत जातो.

"काहून नाही पीत, थे विचारलं का कधी, भाऊ?"

कोणीतरी मागून "हव, पूछो पूछो," म्हणालं.

मी म्हणालो, "ताई, प्रश्न शेवटी."

"शेवटी शेवटी म्हणता म्हणता साठी आली तिची!"

आता बाया हसल्या, पण ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही. आजवर भर सभेत माझ्यावर अंडी आली, चपला आल्या, पोलिसांच्या काठ्या आल्या. त्या सगळ्याला मी उत्तर दिलं. हा प्रश्न मात्र मला कळलाच नाही. शिस्तीवर दोन वाक्यं बोलून मी भाषण पुढे नेलं. मध्येच पाहिलं तर कमलाची जागा रिकामी होती. चहाला गेली असावी.

मंदाकिनीबाईंना समितीतर्फे समज द्यावी लागेल. भर सभेत असं मधेच उठून बोलणं म्हणजे काय?

२८ जानेवारी

सकाळी कमला लाल भाजी निवडत बसली होती. मी पेपर उघडला. ती म्हणाली, "माहं नाव माइकवर काहून घेतलं तुम्ही?"

हा आवाज मी तिच्याकडून ऐकलेला नव्हता. मी म्हणालो, "कौतुक केलं तुझं."

"माह्या तहानेचं कौतुक? टाळ्या घेतल्या माह्या तहानेवर?" तिने भाजीची जुडी खाली आपटली. "मुतायले कुठं जाऊ मी? सांगा ना. डब्यात संडासापर्यंत जायचं तं दहा माणसायच्या अंगावरून जा लागते. पोचलं तं संडासातच चार जण बोचकी घेऊन उभे. गर्भाची पिशवी काढली तेव्हापासून मले थांबत नाही. खोकला आला तरी थांबत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवसापासूनच पाणी बंद करते. घरी आली का दोन दिवस आग होते नुसती. थे मंदाकिनी गोळ्या आणून देते."

मी म्हणालो, "मंग सांगायचं ना."

"कोणाले? तुम्ही स्टेजवर असता."

"घरी पण असतो ना मी."

"घरी पण स्टेजवरच असता."

मला राग आला. आला तो लिहायला काय हरकत आहे? त्या रविवारी घरच्या सभेत सगळ्यांसमोर मतदान घेतलं होतं. "मंग हात काहून वर केला?" मी विचारलं.

"सवय झाली. तुमचा आवाज चढला का हात वर जाते."

मोनाली ऑफिसला निघायची थांबून दारात उभी होती. मी म्हणालो, ठीक आहे, नवी माहिती पुढे आली आहे, तेव्हा रविवारी पुन्हा सभा घेऊन ठरावाचा फेरविचार—

"नाही," कमला म्हणाली. "माह्या लघवीवर मतदान नको. मोनाली, गाडी बुक कर."

मोनालीने दारातच फोन काढला.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. राग कोणाकोणाचा धरू? जनरल डब्यात माणसं कोंबणाऱ्यांचा धरला. मैलोन्‌मैल रस्ता बांधून त्यावर बायांसाठी एक आडोसा न ठेवणाऱ्यांचा धरला. मंदाकिनीबाईंचाही धरला, की ही गोष्ट इतकी वर्षं गोळ्या देऊन झाकून ठेवली. मला कोणी सांगू नये? मी लोकांचे प्रश्न मांडणारा माणूस आहे! आणि तरीही तत्त्व चुकीचं ठरत नाही. बस वाईट म्हणून बस सोडायची, तर ती सुधारणार कोण? हे मी कमलाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही बसा की बसमधी. मी गाडीनं जाते. झाडापाशी भेटू."

दुपारभर तेच करायचं माझ्या मनात होतं.

३ फेब्रुवारी

समितीची बैठक, तात्यापाऱ्यात. मी नवी मागणी मांडली: नव्या राजधानीच्या रस्त्यावर प्रत्येक मोठ्या थांब्याजवळ बायांसाठी स्वच्छतागृह. मंजूर. पुढच्या सभेत यावर मी दणदणीत बोलणार होतो, पण मंदाकिनीबाई म्हणाल्या, "यावर तुम्ही नका बोलू, भाऊ. बायाच बोलतील." आणि बैठकीने ते मान्य केलं! मागणी माझी, आणि मी बोलू नको!

हिरालालनी बाजूला घेऊन सांगितलं, "भैया, गाड़ी में जाथव तो जाव, फेर फोटो झन डालहू. लोग हँसही." म्हणे गाडीत जा, पण फोटो टाकू नका, लोक हसतील. मी लपून काही करत नाही. बैठकीतच जाहीर केलं की श्रीलंकेत मी भाड्याच्या गाडीत, निषेध नोंदवून, मागच्या सीटवर बसणार आहे. कोणी हसलं नाही. हिरालाल हसले.

१४ फेब्रुवारी, अनुराधपूर

चेन्नईपर्यंत पासावर रेल्वेने आलो, एवढंच समाधान. त्यापुढे विमान, आणि त्यापुढे ही पांढरी डबी. मोनाली चालवते, कमला पुढे, मी मागे सामानासोबत. लाल बसगाड्या आमच्या शेजारून जातात. दारात माणसं लटकलेली, खिडकीतून पोरांचे हात बाहेर. प्रत्येक बसला मी मनातून सलाम केला.

कमला "थांबव" म्हणते आणि मोनाली थांबवते. पेट्रोल पंप, खानावळ, एकदा एका शाळेचं फाटक. उतरते, विचारते, जाऊन येते. एका ठिकाणी नारळवाल्याकडून शहाळं घेतलं, पूर्ण प्यायली आणि दुसरं मागितलं. असा प्रवास मी पाहिला नव्हता. वेळापत्रक नाही, शिस्त नाही. आम्ही रेल्वेपेक्षा दीडपट वेळ घेतला. हे मी बोलून दाखवलं. दोघींनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

संध्याकाळी झाडापाशी गेलो. फांद्यांना सोनेरी टेकू दिले आहेत. पांढऱ्या साड्यांतल्या बाया वाळूत बसून त्रिशरण म्हणत होत्या. कमला सरळ त्यांच्यात जाऊन बसली आणि त्यांच्यासोबत म्हणू लागली. पाली तीच, चाल थोडी वेगळी. दोन ओळींत तिने ती चाल धरली. शेजारच्या बाईने सरकून तिला चटईचा कोपरा दिला.

त्या झाडाच्या इतिहासावर मी चार गोष्टी सांगायच्या ठरवून आणल्या होत्या. सांगायची वेळ आली नाही. अंधार पडला तरी ती उठेना. मोनाली म्हणाली, "रहने दो ना, बाबा." राहू दिलं.

१६ फेब्रुवारी, कँडी

सकाळी अनुराधपूरहून निघालो. दंबुल्लाच्या पुढे रस्त्यालगत एक खानावळ आहे, तिथे कमला "थांबव" म्हणाली. आमच्या आधीच एक लाल बस तिथे उभी होती. बस चहाला थांबली होती आणि बसमधल्या साऱ्या बाया मागच्या अंगणात रांगेत होत्या, एका पत्र्याच्या दारापुढे. रांग पार विहिरीपर्यंत गेलेली. बाजूलाच दुसरं दार, टाइल लावलेलं, आणि त्याला कुलूप.

कमला रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. खानावळीच्या मालकाने आमची गाडी पाहिली आणि चाबी घेऊन धावत आला. "मॅडम, मॅडम, दिस साइड. फॉर कार पीपल." त्याने ते टाइलवालं दार उघडून दिलं आणि चाबी तिच्या हातात ठेवली.

माझं डोकंच फिरलं. गाडीवाल्यांना एक दार, बसवाल्यांना एक! हेच तर मी वर्षानुवर्षं सांगतो आहे! डोक्यात अख्खं भाषण तयार झालं, इंग्रजीत, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. आणि कमला आत गेली. मला बोलताही येईना, कारण बोलणार कोण, त्याच गाडीतून उतरलेला माणूस?

ती बाहेर आली. मालकाने चाबीसाठी हात पुढे केला. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, मग रांगेकडे. रांगेत पुढे एक म्हातारी होती, लेकीच्या खांद्याला धरून, ओठ घट्ट मिटून उभी. कमलाने चाबी तिच्या हातात दिली आणि दार दाखवलं.

मालक सिंहलीत ओरडू लागला. मी पुढे सरसावलो, पण कमला आधीच दारापुढे उभी होती.

"ओरडून काहून राहिला रे भाऊ?" ती त्याला म्हणाली. रायपूरच्या भाजीवाल्याला म्हणावं तशी. "माह्या मांगं इतक्या बाया उभ्या, अन् मले एकटीले चाबी? झिजते का तुहं दार? जातीन सगळ्या, पाणी टाकतीन, चाबी देतीन. तू जाऊन चहा पाहा तुहा."

त्याने उत्तर दिलं, तिने उत्तर दिलं. त्याचा एक शब्द तिला कळत नव्हता, तिचा एक त्याला. पण रांगेतल्या बायांना सगळं कळलं. त्यांच्यातल्या दोघी-तिघी कमलाच्या बाजूने बोलायला लागल्या. म्हातारी बाहेर आली, तिने चाबी मागचीला दिली. रांगेच्या दोन रांगा झाल्या.

तेवढ्यात बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. कंडक्टर दारात उभा राहून सगळ्यांना बोलावू लागला. मागच्या काही बाया आत न जाताच तशाच वळू लागल्या, एकमेकींकडे पाहत. मी कमलाजवळ गेलो, आता तरी मी बोलतो, असं सांगायला. तिने खांद्यावरची पर्स काढून माझ्या हातात दिली.

"हे धरा," ती म्हणाली, "अन् त्या ड्रायव्हरले थांबवा. अजून बाया राहिल्या."

मी बसकडे गेलो. त्याला कोणत्या भाषेत सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं. त्याने गियर टाकला तेव्हा मी पर्स काखेत मारली आणि बसच्या पुढ्यात, भर रस्त्यात, जाऊन उभा राहिलो.